रिकामी दोरी

१

मोजणीदाराला निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यानं घरातली सात कामं अर्धवट करून ठेवली होती. हा आकडा त्याच्या बायकोचा. त्याच्या मते कामं पाचच, कारण उरलेल्या दोनांना त्यानं अजून हातच लावला नव्हता. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून बिनचूक हद्दी आखून देणाऱ्या माणसाला घरातल्या फळीचा शेवटचा स्क्रू का पिळता येऊ नये, गळका नळ का बसवता येऊ नये, हे कोडं दोघांनाही सुटत नव्हतं. बायकोला त्याची गंमत वाटायची. त्याला वाटायची नाही, पण तसं त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

म्हणून जवळच्या शाळेतल्या ओळखीच्या खेळाच्या मास्तरांनी अडगळ साफ करताना एक जुनं धनुष्य त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं, हे एक तरी पुरं करायचं. धनुष्य बांध्याचं चांगलं होतं. मुठीचा मधला भाग गडद लाकडाचा, वरची-खालची पाती पातळ लाकडाची, आणि पात्यांना पुढून-मागून फायबरग्लासची पट्टी चिकटवलेली. वॉर्निश मात्र पिवळं पडून तडकलं होतं. हात लावला की खपल्या निघायच्या.

“रंग काढायचं औषध लावू नका, चिकटवलेलं सुटेल,” मास्तरांनी बजावलं होतं. “पॉलिशपेपर घ्या आणि सावकाश घासा. काचेची धूळ उडते, नाकाला फडकं बांधा. आणि दोरी चढवलीत तर नुसतीच ओढून सोडू नका. बाण नसला की सगळा जोर उलटा पात्यांवर येतो. धनुष्य फुटून तोंडावर येईल.”

घराची मागची खोली त्यानं या कामाला घेतली. खोलीच्या दारातून सरळ बोळ, बोळातून जेवणाचं टेबल, आणि त्यापलीकडे बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी बायकोची खुर्ची. ती रफू करायची. धोब्याच्या दुकानातून फाटके कोट, शाली, पँटी यायच्या आणि ती चष्मा नाकावर ओढून दिवसभर त्यांची भोकं बुजवत बसायची. उजेड डाव्या हाताला हवा म्हणून तिची पाठ कायम घराकडे असायची. मागच्या खोलीतून मान वर केली की त्याला तिची मान दिसायची.

आठ दिवस तो रोज दुपारी घासत बसला. आधी जाड पेपर, मग बारीक. काचेच्या पट्टीवर हात अगदी हलका. लाकडाचा मूळ रंग वर आला, तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं चहाही स्वतः करून घेतला.

२

तो मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले असतील.

वॉर्निशचा हात द्यायच्या आधी पाती सरळ आहेत ना, ते बघायला हवं होतं. त्यासाठी दोरी चढवायची आणि एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत दोन्ही पाती निरखायची. हे त्याच्या धंद्यातलंच काम. त्यानं दोरी चढवली, डोळा मिटला, बघितलं. कुठेही पीळ नव्हता. धुळीसाठी दारावर टांगलेला वर्तमानपत्रांचा पडदा त्यानं उजेडाकरता वर गुंडाळला होता, बोळाचा पडदाही बाजूला सारलेला होता आणि समोर थेट खिडकीपर्यंत मोकळं होतं.

“पाती एकदम सरळ आहेत गं,” तो म्हणाला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून.

“असू द्या,” बायको मान न वळवता म्हणाली. “सरळ म्हणून काय झालं? अर्धंच राहणार आहे ते. आजवर तुमच्या हातून काही पुरं झालंय का?”

नेहमीचंच बोलणं. आठ महिन्यांत शंभरदा ऐकलेलं. पण त्या दिवशी ते नेमकं जिव्हारी लागलं. खरं तर तो तिच्यावर जीव टाकायचा. तिला नुसती शिंक आली तरी तो खिडकी लावायला उठायचा. पण त्या क्षणी त्याला तिचा राग आला, नुसता राग नाही, त्याच्या पुढचं काहीतरी, आणि त्यानं धनुष्य उचललं, दोरी गालापर्यंत ओढली आणि तिच्या मानेवर, केस संपतात तिथे, नेम धरला. लुटुपुटूचाच. निदान त्यानं नंतर स्वतःला तसं सांगितलं.

बोटं सुटली.

फुटण्याच्या भीतीनं त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. फुटलं काहीच नाही. दोरी सुटल्याचा आवाज मात्र भरीव आला, बोळातून पुढे गेला आणि कुठेही आपटला नाही. त्यानं डोळे उघडले. ती रफू करत होती.

“काय पाडलंत?” तिनं विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. त्यानं दोरी उतरवली, धनुष्य खुंटीला टांगलं आणि पडदा खाली सोडला.

३

पहिलं भोक वर्तमानपत्राच्या पडद्याला पडलं, दोन दिवसांनी. पेन्सिल जाईल एवढं, गोल, त्याच्या खांद्याच्या जरा खाली. कुठला तरी खिळा लागला असेल असं म्हणून त्यानं वर चिकटपट्टी लावली आणि वॉर्निशचा पहिला हात द्यायला बसला.

पण त्याला एक आवाज येत होता. दोरी सुटल्यावर मागे उरतो तसला बारीक गुणगुणाट. खुंटीवरच्या धनुष्याला तर दोरीच नव्हती. त्यानं कानात बोट घालून बघितलं, खिडकी लावून बघितली. आवाज खोलीत नव्हताच. तो बोळात होता.

“फ्रिज आहे तो,” बायको म्हणाली. “कान तपासून घ्या एकदा.”

त्यानं फ्रिजचं बटण बंद केलं. आवाज होता तिथेच राहिला. मग त्यानं बटण परत चालू केलं आणि कान तपासून घ्यायचे असं ठरवलं, कारण ते सोपं होतं.

आणखी दोन दिवसांनी बोळाचा पडदा हातात घेऊन बायको आली. भोकांमधलं तिला जेवढं कळायचं तेवढं शहरात क्वचितच कुणाला कळत असेल. जळकं भोक, कसरीचं भोक, उंदराचं, खिळ्याचं, नुसत्या आळसानं मोठं झालेलं, सगळी ती बोट लावून ओळखायची.

“हे कशाचं हो?” ती म्हणाली. “कसर धागा खाते. इथे एकही धागा तुटलेला नाही. नुसते बाजूला सारलेत. काहीतरी मधून गेलंय, पण अगदी हळू. सुई झटक्यात घातली की धागा तुटतो, हळू घातली की बाजूला होतो.”

“मग?”

“मग काय, रफू करायचीसुद्धा गरज नाही. नखानं सारखं केलं की झालं.” तिनं नखानं धागे जागेवर आणले आणि पडदा पुन्हा लावून टाकला.

कागदावरची चिकटपट्टी काढून त्यानं ते भोक पुन्हा बघितलं. तिथेही कागद फाटला नव्हता, तिच्या शब्दांत सांगायचं तर बाजूला झाला होता.

४

सहाव्या दिवशी बोळाच्या पुढच्या तोंडाशी वाळत घातलेल्या चादरीला भोक पडलं, आणि मोजणीदारानं टेप काढली.

माणूस घाबरला की कुणी देवाचं नाव घेतो, कुणी शेजाऱ्याला हाक मारतो. हा मोजायला लागला. मोजलं की बहुतेक भीती ओसरते, असा त्याचा उभ्या आयुष्याचा अनुभव होता. दोन टोकांमधलं अंतर कळलं की भांडणारे भाऊसुद्धा गप्प बसायचे.

त्या मंगळवारी तो उभा होता तिथून कागदापर्यंत एक मीटर वीस. बोळाच्या पडद्यापर्यंत दोन चाळीस. चादरीपर्यंत तीन साठ. तिन्ही भोकं त्यानं नीट मोकळी केली आणि त्यांतून एक सूत ओवलं. सूत ताणलं तर कुठेही कोन पडेना. भोकांची जमिनीपासूनची उंची एकसारख्या उतारानं कमी होत होती. सुताचं मोकळं टोक हातात धरून तो जेवणाच्या टेबलाच्या कडेनं पुढे गेला आणि थांबला, तेव्हा टोक बायकोच्या मानेला लागायला चार बोटं कमी होती.

“काय चाललंय मागे?” ती म्हणाली.

“माप घेतोय. फळीचं.”

“कुठल्या फळीचं?”

“नवीन.”

“म्हणजे आठवं काम,” ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

एकूण सात मीटर वीस. दिवसाला साठ सेंटीमीटर. भागाकार करायला कागद लागला नाही. तरीही त्यानं तो कागदावर तीनदा केला, आणि तिन्ही वेळा बारा आले.

योगायोग म्हणूनही त्यानं बघितलं. उंदीर, सुतारकिडा, आपलाच हात झोपेत चालतो की काय, सगळं म्हणून झालं. मग आठव्या दिवशी जेवणाच्या टेबलाजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीच्या सगळ्यात वरच्या पट्टीत भोक दिसलं. पट्टी सागवानाची, दोन बोटं जाड. खाली भुसा नव्हता. त्यानं करंगळी आत घालून बघितली. आतून लाकूड कोमट होतं. गुणगुणाट आता टेबलापलीकडून, बाहेरच्या खोलीतून येत होता.

५

“आजपासून तू निजायच्या खोलीत बस,” तो म्हणाला.

“का?”

“इथे वारा लागतो मानेला.”

“वारा?” तिनं खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. पण त्याच्या चेहऱ्यात काहीतरी असावं, कारण एरवी अर्धा तास वाद घालणारी ती बाई मुकाट्यानं शिलाईचा डबा उचलून उठली. त्यानं खुर्ची निजायच्या खोलीत नेली, पार पलीकडच्या भिंतीशी, जुन्या रेषेपासून अगदी फटकून. शेवटच्या भोकापासून तिथवर पुन्हा माप घेतलं. आठ मीटर. मघापर्यंत दोन चाळीसच उरले होते. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेल्यावर तो बाहेरच्या खोलीत गेला. जुन्या रेषेवर एक कागद त्यानं मुद्दाम टांगून ठेवला होता. तो कोराच होता. सुटकेनं त्याला हसू आलं. तेवढ्यात आतून हाक आली.

“अहो, इथल्या पडद्यालाही तसंच झालंय बघा. आता मात्र मला त्याचा कंटाळा आलाय.”

निजायच्या खोलीच्या दाराचा पडदा. खुर्चीपासून सहा मीटर.

तो पडद्यापाशी टेप धरून बराच वेळ उभा राहिला. आठ मीटर होते आणि चार दिवस. आता सहा मीटर आणि तीन दिवस. अंतर वाढलं होतं, दिवस वाढले नव्हते. तिला गावाबाहेर नेलं असतं, आगगाडीत बसवून दूर धाडलं असतं, तरी तिथेही तीनच दिवस उरले असते. तो पलंगाच्या कडेवर टेकला.

बायकोनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “मी आपली माझ्या खिडकीशी जाते,” ती म्हणाली. “इथे उजेड नाही.”

६

दहाव्या दिवशी तो मास्तरांकडे गेला. मास्तर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिट्टी पुसत बसले होते.

“चुकून रिकामी दोरी सुटली माझ्याकडून,” तो म्हणाला.

“अरेरे. कुठे फाटलं?”

“फाटलं नाही.”

“चीर?”

“चीरही नाही. आवाज भरीव आला.”

मास्तरांनी शिट्टी पुसायची थांबवली. “मग रिकामी नव्हती,” ते सरळपणे म्हणाले. “दोरीवर काहीतरी असणार. त्याशिवाय धनुष्य वाचत नाही.”

“धनुष्य मोडून टाकलं तर?”

“सुटलेल्या बाणाला त्याचं काय?” मास्तर हसले. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी विषय बदलला आणि खेळातल्या गोष्टी सांगत बसले. नवीन मुलं कशी बाण सुटल्याबरोबर हात खाली टाकतात, म्हणून पहिल्या दिवशी तेच कसं शिकवावं लागतं. धनुष्याचा हात ताठच ठेवायचा. बाण लागेपर्यंत. लागला की मगच हात खाली.

घरी येऊन त्यानं धनुष्याला वॉर्निशचा शेवटचा हात दिला. का दिला ते त्याला सांगता आलं नसतं. हात चालू असले की डोकं थांबतं, एवढंच असेल. काम सुरेख झालं होतं. वरून खाली कुठे ब्रशचा माग नाही, कुठे ओघळ नाही. त्याला ते बघवेना.

अकराव्या दिवशी दुपारी तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, बोळाकडे पाठ करून, आणि त्यानं त्या मंगळवारचं सगळं सांगून टाकलं. राग आलेलाही सांगितला. रागाच्या पुढचं जे होतं, तेही.

ती ऐकत असताना तिची सुई चालूच होती. मग थांबली.

“मानेवर?”

“हो.”

“आणि खरंच वाटलं होतं तुम्हाला तसं?”

“एक क्षण.”

“मलाही वाटतं कधीकधी,” ती म्हणाली. “तुम्ही घोरता तेव्हा. पण माझ्या हातात फार तर सुई असते.”

त्याला रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस, तिच्या खुर्चीची पाठ धरून मुलासारखा रडला. तिनं हात मागे करून त्याच्या मनगटावर थोपटलं.

“मी म्हणाले ते चुकलंच माझं,” ती म्हणाली. “एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. पण आता रडून उपयोग नाही. ती भोकं मी बघितली आहेत, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला कळतंय.” तिनं सुई कापडात टोचून ठेवली. “फक्त एक करू. पाठीमागून नको मला. खुर्ची फिरवा.”

७

बाराव्या दिवशी अडीच वाजता त्यानं खुर्ची फिरवली. आता तिचं तोंड घराकडे होतं, टेबल, बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागच्या खोलीचं दार. उजेड उलट्या हाताला आला म्हणून तिनं काम घेतलं नाही. हात मांडीवर रिकामे ठेवून बसलेली ती त्याला अनोळखी वाटत होती.

तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला, बोळाकडे पाठ करून, अगदी तिच्या गुडघ्यांना गुडघे लावून. काही यायचंच असेल तर आधी त्याच्यातून जाऊ दे. सागवानाची पट्टी त्याला आठवत होती, तरी तो बसला.

“सरका ना जरा,” ती म्हणाली. “मला काही दिसत नाही.”

“नको बघूस.”

“सरका.”

तो वीतभर सरकला. गुणगुणाट इतका जवळ होता की तो कानाला नाही, दाताला जाणवत होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं त्यानं टाळलं. तिचे हात त्यानं हातात घेतले. ते गार होते, पण थरथरत नव्हते.

“अहो,” ती हळूच म्हणाली. “तिथे कुणीतरी उभं आहे.”

त्याच्यानं मागे वळवेना. त्यानं तिच्या चष्म्यात बघितलं. दोन्ही काचांत खिडकीचा उजेड होता, उजेडात टेबल, बोळ, आणि बोळाच्या टोकाला दाराच्या चौकटीत नखाएवढा एक माणूस. नाकाला फडकं बांधलेला. एक डोळा मिटलेला. एक हात गालाशी, बोटं उघडी. दुसरा हात समोर ताठ, आणि त्या हातात धनुष्य. फडक्यावरच्या उघड्या डोळ्यात काय होतं, ते एवढ्या लहान काचेत दिसायला नको होतं, पण त्याला ते दिसलं, कारण ते त्याला माहीत होतं.

“लांबचं मला या चष्म्यातून धड दिसत नाही,” ती म्हणाली. “पण उभं राहायची तऱ्हा तुमचीच आहे.”

मग ती जरा पुढे झुकली आणि त्याच्या खांद्यावरून, नळ ठोकत बसलेल्या नवऱ्याला जेवायला उठवायच्या सुरात म्हणाली, “अहो, पुरे झालं आता. खाली घ्या तो हात.”

काचेतल्या माणसानं धनुष्याचा हात खाली घेतला. सावकाश, काम झाल्यासारखा.

गुणगुणाट थांबला. बारा दिवसांत पहिल्यांदा घर पूर्ण शांत झालं.

“घेतला बघा,” ती म्हणाली. ती हसत होती. “तुमच्यापेक्षा बरा. एका सांगण्यात ऐकलं.”

लागला की मगच हात खाली, हे मास्तरांचं बोलणं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. फक्त चेहऱ्याकडे. हनुवटीच्या खाली नजर जाऊ द्यायची नाही, निदान ती बोलतेय तोवर तरी नाही, एवढंच त्याला त्या घटकेला सुचलं.

“मग आता उद्यापासून काय काढू कामाला?” त्यानं विचारलं. आवाज त्यानं कसाबसा सरळ ठेवला. “नळ की फळी?”

“नळ,” ती म्हणाली. “आधी नळ.”

“आणि मग?”

“मग ती फळी.”

“आणि त्याच्यानंतर?” त्यानं तिचे हात घट्ट धरले. “सांग ना. त्याच्यानंतर काय?”